लॅपटॉप गेला, डिस्क जिवंत आहे

"मदरबोर्ड गेलाय. नवीनच घ्या. डेटाचं आता विसरा."

दुरुस्तीच्या काउंटरवर ही तीन वाक्यं एका दमात बोलली जातात. ऐकणारा आधीच हबकलेला असतो, त्यामुळे तिन्ही वाक्यं त्याला सारख्याच वजनाची वाटतात. पण त्यातलं पहिलं निदान आहे, दुसरा सल्ला आहे आणि तिसरी चूक आहे. मदरबोर्ड जळला म्हणून डिस्कवरचं लिखाण आपोआप पुसलं जात नाही. ती डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपात बसवता येते. निदान दुसऱ्या लॅपटॉपला जोडून वाचता तरी येते. बहुतेक वेळा हे काम अर्ध्या तासाचं असतं. हे न सांगता गिऱ्हाइकाला परत पाठवणं म्हणजे घर गळतंय म्हणून माणसाला कपाटातल्या कागदपत्रांवर पाणी सोडायला लावणं.

हा लेख त्या तिसऱ्या वाक्याविरुद्ध आहे. अलीकडे त्या वाक्याच्या मदतीला चार शहाणे युक्तिवाद उभे राहिले आहेत. जुनी डिस्क नव्या यंत्रात चालत नाही, हा पहिला. क्लाउड असताना डिस्कचा मोह कशाला, हा दुसरा. डिस्क जागेवरच जखडून टाकणं सुरक्षेच्या हिताचं असतं, हा तिसरा. आणि पातळ यंत्र हवं असेल तर एवढं सोसावंच लागतं, हा चौथा. हे बोलणारे सगळे काही विक्रेते नसतात. त्यांत माझे मित्र आहेत, चांगले अभियंते आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

आधी प्रसंग सांगतो. माझ्या वहिनी मिरजेत राहतात आणि वीसेक वर्षं घरीच अक्षरजुळणीचं काम करतात. गेल्या ऑगस्टच्या शेवटी, दिवाळी अंकांच्या कामाची ऐन घाई असताना, एका रात्री वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता. सकाळी बटण दाबलं तर साधा दिवाही लागेना. सर्व्हिस सेंटरने आधी एका कागदावर सही घेतली: डेटाची जबाबदारी आमची नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं, वर लिहिलं तेच. या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, आणि डेटा काढून देणं आमच्या कामात बसत नाही. वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "भावजी, तीन अंकांची पानं आहेत हो त्यात. लेखकांना काय सांगू?"

शनिवारी मी मिरजेला पोचलो. लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली, खालच्या झाकणाचे स्क्रू सोडवून ते एका वाटीत ठेवले. झाकण उचललं की कोपऱ्यात डिस्क दिसते: साधारण १० सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद, पत्र्याच्या चौकटीत बसवलेली. ती वर उचलायची नसते, बाजूला सरकवायची असते. सेंटिमीटरभर सरकली की ती खाचेतून सुटते आणि कडेला सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी दिसतात. एका ओळीत ७ पट्ट्या, त्या माहितीच्या. दुसरीत १५, त्या विजेच्या. वहिनी शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढंच?" हो, एवढंच. वीस वर्षांचं काम वहिनींच्या तळहातावर मावत होतं.

डिस्क आधी मी यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली. बाजारात असं केसिंग काही शे रुपयांना मिळतं. ते माझ्या लॅपटॉपला जोडलं. डिस्क फिरू लागली, कसलाही खडखडाट नव्हता, फोल्डर दिसले. पहिलं काम केलं ते वहिनींचं सगळं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्याचं. ते झालं तेव्हा वहिनींच्या चेहऱ्यावर रंग आला.

पण फायली मिळाल्या म्हणजे काम मिळालं, असं झालं नाही. पेजमेकरची पानं माझ्या लॅपटॉपवर उघडलीच नाहीत, कारण माझ्याकडे पेजमेकर नाही. वर्डमधले लेख उघडले, पण पडद्यावर मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टोपीवाले स्वर, टिंबं आणि कंस यांची खिचडी होती. मराठी अक्षरजुळणीत काम केलेल्या माणसाला याचं कारण माहीत आहे. युनिकोड रुळायच्या आधी आपल्याकडची मराठी श्रीलिपी, आकृती, सीडॅकची आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटांत बसवली जायची. त्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे ठेवलेले असतात. तो फाँट असेल तर 'क' दिसतो, नसेल तर त्या क्रमांकावरचं मूळ इंग्रजी चिन्ह दिसतं. पेजमेकरची ७ ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. छपाईच्या धंद्यात ती आजही कुठे कुठे चालू आहे, कारण जुनी हजारो पानं तिच्यातच आहेत.

म्हणजे वहिनींना फायली तर हव्या होत्याच, पण त्या ज्या घरात राहतात ते अख्खं घर हवं होतं. फाँट, कीबोर्डची मांडणी, त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या शैली, शब्दकोशात घातलेली नावं, सगळं. ते सगळं त्या डिस्कवर होतं, जसंच्या तसं. म्हणून आम्ही त्याच मालिकेतला एक वापरलेला, डिस्क नसलेला लॅपटॉप शोधला. जुन्याची चौकट डिस्कसकट नव्यात बसवली आणि बटण दाबलं.

काळा पडदा आला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, की चालू करण्याजोगं काही सापडलं नाही.

याच क्षणी दुकानात डिस्क 'फॉरमॅट मारून' नवीन विंडोज टाकलं जातं. आम्ही यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो. नव्या लॅपटॉपात बूट करण्याची पद्धत 'यूईएफआय' ठेवलेली होती आणि वहिनींच्या डिस्कवरचं विंडोज जुन्या, 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं होतं. एक ओळ बदलली. पुन्हा बटण दाबलं. विंडोज उपकरणं ओळखत असल्याचा संदेश आला, आकडा हळूहळू चढला, यंत्र एकदा आपणहून बंद होऊन चालू झालं, आणि मग वहिनींच्या डेस्कटॉपवरचा त्यांच्या नातवाचा फोटो दिसला. त्यांनी पेजमेकर उघडला. अर्धवट राहिलेलं पान तसंच अर्धवट समोर आलं.

आता युक्तिवादांकडे वळतो.

पहिला म्हणतो, दुसऱ्या यंत्रात जुनी डिस्क चालत नाही. हा सल्ला एका काळी खरा होता. विंडोज एक्सपी किंवा ७ असलेली डिस्क वेगळ्या जातीच्या बोर्डावर लावली तर निळा पडदा यायचा, कारण नव्या बोर्डावरच्या डिस्क-नियंत्रकाचं ड्रायव्हर सुरुवातीलाच हाताशी नसायचं. पण विंडोज ८ पासून आणि खास करून १० पासून परिस्थिती पालटली. ही आवृत्ती नवं यंत्र दिसलं की उपकरणं पुन्हा ओळखते आणि बहुतेक वेळा मुकाट्याने चालू होते. अडली तर अडण्याची कारणं मोजकी आहेत. एक, वर सांगितलेली लेगसी आणि यूईएफआयची तफावत. दुसरं, डिस्क-नियंत्रक जुन्या यंत्रात 'एएचसीआय' पद्धतीत आणि नव्यात 'रेड' पद्धतीत असणं, किंवा उलट. दोन्ही गोष्टी बहुतेकदा सेटिंगमध्ये बदलता येतात. लिनक्सवाल्यांना तर हा प्रश्न क्वचितच पडतो. तिथे बहुतेक ड्रायव्हर आधीच सोबत असतात, आणि डिस्क कुठल्या खाचेत बसली आहे यापेक्षा तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावर भिस्त असते.

परवान्याचाही बाऊ केला जातो. लॅपटॉपबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो, हे खरं. पण २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून बहुतेक लॅपटॉपांच्या बोर्डावरच परवान्याची किल्ली कोरलेली असते. बदली लॅपटॉपालाही स्वतःचा परवाना असतो, आणि आवृत्तीची जात जुळली तर तो लागू होतो. जिथे जुळत नाही तिथे पडद्यावर सक्रिय करण्याची सूचना येते. त्या सूचनेमुळे डिस्कवरचा एकही कागद हरवत नाही.

समजा, यातलं काहीच जमलं नाही. डिस्क नव्या यंत्रात बूट झालीच नाही. तरी ती केसिंगमध्ये घालून वाचता येते. 'बूट होत नाही' आणि 'डेटा गेला' या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे अंतर गिऱ्हाइकापासून लपवलं जातं, आणि माझा राग त्यावर आहे.

दुसरा युक्तिवाद क्लाउडचा. बॅकअप घ्यावा, हे मलाही मान्य आहे, आणि त्यावर मी पुढे बोलेन. पण ज्याचा लॅपटॉप मेला आहे त्याला 'क्लाउडवर ठेवायला हवं होतं' असं सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याच्या वर्गाचा पत्ता देणं. मेलेल्या यंत्रातून क्लाउडवर काही चढत नाही. चढवायचं तर आधी डिस्क बाहेर काढावीच लागते.

शिवाय हिशेब करू. गूगल फुकटात १५ जीबी जागा देतं, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी. वहिनींची डिस्क ५०० जीबीची. ती भरलेली असती आणि घरच्या इंटरनेटवरून सेकंदाला २० मेगाबिट या अखंड वेगाने चढवली असती, तर पंचावन्न तासांहून जास्त वेळ लागला असता. मिरजेत ऑगस्टमध्ये सलग पंचावन्न तास वीज आणि नेट दोन्ही टिकतील, यावर कुणी आपला धंदा लावू नये. डिस्क एका यंत्रातून दुसऱ्यात जायला आमचा चहा होईस्तोवरचा वेळ लागला. आणि क्लाउडवर चढतात त्या फायली. फाँट, कीबोर्ड, बसवलेली प्रणाली चढत नाही. मराठीतल्या वीस-पंचवीस वर्षांच्या छापील साहित्याच्या मूळ प्रती अशाच जुन्या डिस्कांवर पडून आहेत. छोट्या प्रकाशकांकडे, मुद्रकांकडे, शाळांकडे, पतसंस्थांकडे. 'नवीन घ्या' या एका सल्ल्यासरशी त्यातलं किती भंगारात गेलं असेल, याचा विचार केला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

तिसरा युक्तिवाद सुरक्षेचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. लॅपटॉप चोरीला गेला आणि डिस्क सहज काढता आली तर चोर सगळं वाचेल. म्हणून डिस्क कुलूपबंद हवी, यंत्राच्या चिपशी बांधलेली हवी. कुलूप हवं हे मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न किल्ली कोणाकडे, हा आहे.

विंडोजमध्ये 'बिटलॉकर' हे कुलूप आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की बहुतेक यंत्रांवर ते आपणहून लागतं. अशी डिस्क दुसऱ्या लॅपटॉपात घातली की ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. किल्ली खात्यात जपून ठेवलेली असते. पण अनेकांना कुलूप लागलंय हेच माहीत नसतं, मग किल्ली कुठून माहीत असणार? कुणी नातेवाइकाच्या ई-मेलने खातं उघडून दिलेलं असतं, कुणी ते खातंच विसरलेलं असतं. कुलूप लावताना मालकाला बजावून सांगणं आणि किल्ली कागदावर उतरवून घ्यायला लावणं, हे यंत्र विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. ते पार पाडलं तर कुलूपही राहतं आणि डिस्कही हलवता येते. म्हणजे सुरक्षा आणि स्थलांतर यांत मुळात भांडणच नाही.

जिथे मालकाला किल्लीच मिळू शकत नाही, तिथे मात्र माझा विरोध ठाम आहे. अ‍ॅपलने २०१६ च्या टचबार असलेल्या मॅकबुक प्रोमध्ये साठवण मदरबोर्डावरच डाखली. त्या मॉडेलच्या बोर्डावर निदान एक खास जोडणी होती, तिच्यातून कंपनीची माणसं मेलेल्या बोर्डावरचा डेटा बाहेर काढू शकत. २०१८ च्या मॉडेलमध्ये टी२ चिप आली, साठवण त्या चिपशी कूटबद्ध झाली आणि ती जोडणीही गेली. आता बोर्ड मेला की बोर्ड दुरुस्त होईपर्यंत आतलं सगळं बंद. चोराला अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीत मालकही चिणला गेला, तर त्या भिंतीला सुरक्षा म्हणवत नाही.

आणि सुरक्षेचीच चाड असेल तर उलटं बघा. डिस्क निघत नसलेला बंद लॅपटॉप तुम्ही एक्स्चेंजमध्ये देता किंवा भंगारात घालता, तेव्हा तुमची बँकेची कागदपत्रं, आधारची प्रत, मुलांचे फोटो, सगळं त्याच्याबरोबर जातं. यंत्र चालूच होत नाही, मग पुसणार कसं? डिस्क निघत असती तर ती काढून घरी ठेवणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग ठरला असता. मोठ्या संस्थांना हे पक्कं ठाऊक आहे. डेल आणि लेनोव्हो यांच्यासारख्या कंपन्या व्यावसायिक गिऱ्हाइकांना वेगळे पैसे घेऊन एक सेवा विकतात: वॉरंटीत डिस्क बदलली तरी जुनी डिस्क तुमच्याकडेच राहील. बँका, सरकारी कार्यालयं, कंपन्या यांच्यासाठी ही सेवा आहे. डिस्क ही यंत्रापेक्षा मोलाची असते, हे ज्यांना विकतात त्यांना पटतं आणि विकणाऱ्यांनाही पटतं. मग मिरजेच्या एका बाईला मात्र 'विसरा' का सांगितलं जातं?

चौथा युक्तिवाद पातळपणाचा: डिस्कला खाच ठेवली तर यंत्र जाड होईल. अडीच इंची डिस्कच्या काळात यात तथ्य होतं. ती ७ मिलिमीटरची, जुनी तर साडेनऊची. आज एम.२ प्रकारची एसएसडी ही २२ मिलिमीटर रुंद पट्टी असते. नेहमीची ८० मिलिमीटर लांब, छोटी ३० मिलिमीटर. तिला एकच स्क्रू. तो काढला की पट्टी थोडी तिरकी वर येते आणि हाताने ओढून निघते. मायक्रोसॉफ्टचा पहिला सरफेस लॅपटॉप २०१७ चा. तो न फोडता उघडताच येत नव्हता, आणि यंत्रं खोलून तपासणाऱ्या आयफिक्सिट या संकेतस्थळाने त्याला दुरुस्तीच्या बाबतीत दहापैकी शून्य गुण दिले. त्याच कंपनीने २०१९ च्या सरफेस लॅपटॉप ३ मध्ये काढता येणारी एसएसडी दिली. २०२१ च्या सरफेस प्रो ८ मध्ये तर ९.३ मिलिमीटर जाडीच्या टॅबलेटला पाठीमागे एक छोटं झाकण ठेवलं, त्याखाली एसएसडी. दोन वर्षांत भौतिकशास्त्राचे नियम बदलले नव्हते, कंपनीचा विचार बदलला होता. पातळ यंत्रात खाच बसत नाही हे म्हणणं तिथेच निकालात निघतं.

इतिहास तर याहून स्पष्ट आहे. २००३ मध्ये 'साटा' हे जोडणीचं मानक आलं, आणि त्यानुसार कुठल्याही कंपनीची डिस्क कुठल्याही कंपनीच्या यंत्राला जोडता येते. वहिनींच्या डिस्कवरच्या त्या ७ आणि १५ सोनेरी पट्ट्या टेबलावरच्या मोठ्या संगणकातल्या साडेतीन इंची डिस्कवरही त्याच मापाच्या असतात. सगळ्या उद्योगाने मिळून ठरवलेली ही मोकळीक होती. डिस्क बोर्डावर डाखून ती मोकळीक एकतर्फी काढून घेतली जाते आहे, आणि त्याला प्रगती म्हटलं जातं आहे.

काउंटरवरचं शेवटचं अस्त्र वॉरंटीचं: तुम्ही झाकण उघडलंत तर वॉरंटी गेली. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे, आणि त्याच्या आधारे २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा अटी घालणाऱ्या कंपन्यांना ताकीद देणारी पत्रं धाडली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. ते चांगलंच झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आपल्या देशात दुरुस्तीची परंपरा कुठल्याही समितीपेक्षा जुनी आहे. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस इथली माणसं नकाशे आणि सुटे भाग न मिळताही यंत्रं जिवंत करतात. त्यांना सुटे भाग आणि माहिती देणं हे कंपन्यांवर बंधन झालं पाहिजे.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मोकळ्या मनाने मान्य करतो. एक, कित्येकदा लॅपटॉप बंद पडण्याचं कारण डिस्कच असते. टकटक आवाज येत असेल, फोल्डर उघडायला मिनिटं लागत असतील, तर ती डिस्क नव्या यंत्रात बसवून चालवत राहणं घातक आहे. तिला चालू करण्याची प्रत्येक वेळ शेवटची असू शकते. आधी प्रत काढावी, नाहीतर जाणकाराकडे द्यावी. दोन, विजेच्या झटक्यात बोर्डाबरोबर डिस्कही जाऊ शकते. वहिनींची वाचली, दुसऱ्या कुणाची वाचेलच असं नाही. तीन, जुनं विंडोज जसंच्या तसं नव्या यंत्रात आलं की त्याच्या जुन्या भोकांसकट येतं. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. वहिनींच्या त्या लॅपटॉपावर आता इंटरनेट लावलेलं नाही, त्यावर फक्त पानं लागतात. आणि चार, डिस्क हलवणं हा बॅकअपला पर्याय नाही. मिरजेहून निघण्याआधी मी एक बाहेरची डिस्क त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि दर रविवारी त्यावर प्रत घ्यायचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

पण या चारही मुद्द्यांतून 'डेटाचं विसरा' हे वाक्य निघत नाही. निघतं ते 'डिस्क तपासून बघू' हे. काउंटरवर हेच वाक्य ऐकू यायला हवं, आणि ते बोलायला एक रुपयाही लागत नाही.

म्हणून तीन मागण्या. दुरुस्तीला आलेल्या यंत्रातली डिस्क निघत असेल तर ती गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावी. यंत्र दुरुस्त होवो न होवो, आणि मागितली नाही तरी. विकताना खोक्यावर ठळक अक्षरांत लिहावं की साठवण काढता येते की बोर्डावर डाखलेली आहे. आज हे समजायला कित्येकदा लॅपटॉप उघडावा लागतो, म्हणजे पैसे भरून झाल्यावर. आणि कुलूप लावून विकलं तर किल्ली पहिल्याच दिवशी मालकाच्या हातावर ठेवावी.

यात पर्यावरणाचाही प्रश्न आहे. लॅपटॉपच्या सगळ्या आयुष्यातल्या कार्बनभाराचा मोठा वाटा तो बनवतानाच पडतो, हे कंपन्यांचेच अहवाल सांगतात. एप्रिल २०२३ पासून लागू झालेले आपले ई-कचऱ्याचे नियम उत्पादकाला कचऱ्याची जबाबदारी घ्यायला लावतात. पण कचरा होऊच न देणं हे कचरा गोळा करण्यापेक्षा केव्हाही बरं. वापरलेला लॅपटॉप आणि जुनी डिस्क यांच्या जोडीने वहिनींचं एक यंत्र नव्याने घेणं वाचलं.

दिवाळीच्या आठवड्यात तिन्ही अंक कुरिअरने घरी आले. मिरजेचे शिक्के असलेली पाकिटं फोडली, पानं चाळली. आतलं एक पान मी ओळखलं. काळ्या पडद्यानंतर अर्धवट समोर आलेलं होतं, तेच. आता त्याखाली मजकूर पूर्ण होता आणि शेवटी लेखकाचं नाव होतं. जानेवारीत वहिनींना इंटरनेटच्या कामासाठी दुसरा लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानातून त्यांनी मला फोन लावून ठेवला होता, म्हणून पलीकडचं बोलणं ऐकू आलं. विक्रेता पडद्याचा आकार सांगत होता, रंग सांगत होता. वहिनींनी त्याला मध्येच थांबवलं. "ते राहू द्या. आधी उलटा करून दाखवा. यातली डिस्क निघते का?"